शंभरातली एक

आईचे तेरावे झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि रात्री स्वयंपाकघरात आम्ही तिघेच उरलो, तेव्हा धाकटा भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘दादा, वहिनी, तुम्ही टक्के मोजत बसलात आणि आई गेली.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. त्या रात्री आम्ही काहीच बोललो नाही. पुढे कितीतरी दिवस ते एक वाक्य आमच्या घरात वावरत राहिले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याला उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की आम्ही दोघेही मराठीची माणसे. एम. ए.ला एका वर्गात होतो. आता एकाच शहरातल्या दोन महाविद्यालयांत शिकवतो. गणिताशी आमचे नाते दहावीच्या निकालाबरोबर तुटले आणि ते तुटल्याचा आनंद आम्ही त्या वेळी पेढे वाटून साजरा केला होता. ‘संभाव्यता’ हा शब्द आमच्या वापरात होता, पण तो ॲरिस्टॉटलच्या संदर्भात. कथानकातील घटना एकीमागून एक संभवनीय किंवा अपरिहार्य वाटाव्यात अशा याव्यात, शक्य पण पटणार नाही अशा घटनेपेक्षा अशक्य पण पटणारी घटना कवीने पसंत करावी, हे त्याचे म्हणणे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. याच शब्दाला दुसरा अर्थ आहे आणि तो आपल्या घरात शिरू शकतो, हे २०१४ साली कळले.

त्या वर्षी आईला अधूनमधून चक्कर येऊ लागली. (आमच्यापैकी एकाची ती जन्मदात्री, दुसरीची सासू, पण वीस वर्षांच्या सहवासात हा भेद बोलण्यातून केव्हाच गळून पडला होता.) चकरेचे कारण कानातले निघाले, किरकोळ निघाले. मात्र त्यासाठी केलेल्या मेंदूच्या तपासणीत दुसरेच काही दिसले. एका रक्तवाहिनीला पाच-सहा मिलिमीटरचा फुगा आला होता. डॉक्टरांच्या भाषेत ॲन्युरिझम. चकरेशी त्याचा संबंध नव्हता. तो तिथे किती वर्षांपासून होता हे सांगता येत नव्हते. तो कधी फुटेल की मुळीच फुटणार नाही, हेही सांगता येत नव्हते. फुटला तर मात्र वाचण्याची आशा थोडी आणि वाचल्यावर पूर्वीसारखे होण्याची त्याहून थोडी.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी घाई केली नाही आणि भीतीही घातली नाही. कागदावर दोन आकडे लिहून त्यांनी तो आमच्याकडे सरकवला. शस्त्रक्रिया केली तर या वयात, म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी, मृत्यू किंवा कायमचे गंभीर नुकसान होण्याचा धोका शंभरात पाच. केली नाही तर फुगा फुटण्याचा धोका दर वर्षी शंभरात एक. ‘‘दोन्ही मार्ग चूक नाहीत,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही विचार करून सांगा.’’

आम्ही घरी आलो आणि लक्षात आले की विचार कसा करायचा, हेच आम्हांला येत नाही.

पहिली अडचण भाषेची होती, आणि ती आमच्यासारख्यांना लाज आणणारी होती. अनिश्चिततेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कदाचित, बहुधा, बहुतेक, क्वचित, शक्यतो, चुकूनमाकून, न जाणो. एकेका शब्दाला वेगळा रंग आहे, आणि तो रंग ओळखण्यात आमची हयात गेली. त्या आठवड्यात घरातला प्रत्येक जण हेच शब्द वापरत होता. ‘बहुतेक काही होणार नाही’, ‘न जाणो, झालंच तर?’ एके रात्री आम्ही दोघांनी एक खेळ केला. ‘बहुतेक’ म्हणजे शंभरात किती, हे एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचे. एकाने साठ लिहिले, दुसऱ्याने पंच्याऐंशी. वीस वर्षे एका छपराखाली राहून, एकच भाषा शिकवून, रोजच्या वापरातल्या एका शब्दाबाबत आमच्यात पंचवीसचे अंतर होते. ‘बहुतेक येतो’ या शब्दांवरून झालेली आमची कित्येक भांडणे त्या रात्री नव्याने उलगडली. शब्द मतभेद झाकून ठेवतात, आकडा तो उघडा पाडतो. आकड्यांविषयी आम्हांला वाटलेला हा पहिला आदर.

दुसरी अडचण अर्थाची. आई शंभर नव्हत्या, एकच होती. तिच्या बाबतीत ‘शंभरात एक’ याला काय अर्थ? फुगा फुटेल किंवा फुटणार नाही. एकशतांश फुटणार थोडाच! ही शंका घेऊन आम्ही महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेलो. पुणे विद्यापीठात व. शं. हुजूरबाजार यांनी उभ्या केलेल्या विभागात ते शिकलेले. ते हसून म्हणाले, ‘‘सर, मॅडम, या प्रश्नावर आमच्याकडची मोठमोठी माणसं भांडली आहेत.’’ काहींच्या मते संभाव्यता म्हणजे वारंवारिता. तीच गोष्ट पुष्कळदा घडवली तर किती वेळा अमुक होते, एवढेच ती सांगते. एकट्या माणसाबद्दल ती मौन पाळते. दुसऱ्या पक्षाच्या मते ती आपल्या जाणिवेचे माप आहे. हाताशी असलेल्या पुराव्यावर विवेकी माणसाने एखाद्या गोष्टीवर किती विश्वास ठेवावा, ते ती सांगते. हुजूरबाजारांचे केंब्रिजमधले गुरू हॅरल्ड जेफ्रीज या दुसऱ्या पक्षाचे. ‘‘फुगा फुटायचा की नाही हे आईंच्या डोक्यात ठरत असेल,’’ सहकारी म्हणाले, ‘‘आकडा आपल्या डोक्यात आहे. आपल्याला किती ठाऊक नाही, याचा तो हिशेब.’’

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर दहा ओळींत दहा दहा अशी शंभर टिंबे काढली. ‘‘टक्के विसरा, माणसं मोजा. या शंभर आया. सगळ्या एकाहत्तर वर्षांच्या, सगळ्यांना तेवढाच फुगा.’’ शस्त्रक्रिया केली तर पाच टिंबांवर आजच फुली. उरलेल्या पंच्याण्णव जणी त्या भीतीतून जवळजवळ मोकळ्या. शस्त्रक्रिया केली नाही तर पहिल्या वर्षी एक फुली, दुसऱ्या वर्षी आणखी एक. पाचव्या वर्षाच्या अखेरीस फुल्या सुमारे पाच, दहाव्या वर्षी नऊ-दहा. म्हणजे पाच वर्षांपाशी दोन्ही वाटा सारख्या होतात आणि पुढे शस्त्रक्रियेची वाट उजवी ठरते. आम्हांला उत्तर सापडल्यासारखे वाटले. आई आणखी पाच वर्षांहून अधिक जगेल अशी आमची इच्छा होती. म्हणजे शस्त्रक्रिया करायची.

सहकाऱ्यांनी मान हलवली. पाचव्या वर्षी जिच्या टिंबावर फुली येते तिला मधली चार वर्षे मिळालेली असतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिची फुली पडते तिला एक दिवसही मिळत नाही. दोन्ही फुल्या मोजताना सारख्या दिसतात, पण त्यांचे वजन सारखे नाही. शिवाय दहा वर्षांत या शंभरांपैकी कित्येक जणी अन्य कारणांनी जातील, आणि ज्या फुग्याची आपण काळजी करतो तो त्यांच्या बाबतीत फुटायचा राहूनच जाईल. फुल्या मोजून थांबण्याऐवजी हाती येणारी चांगली वर्षे मोजली तर बरोबरीची जागा पाच वर्षांवर न राहता बरीच पुढे सरकते.

भविष्याला आजची किंमत लावण्याचा हा विचार मुळात जुगारातून आला, हे त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्यात झालेला पत्रव्यवहार अर्धवट मोडलेल्या डावाविषयी होता. दोघा खेळाडूंनी बत्तीस-बत्तीस नाणी लावली आहेत. जो आधी तीन वेळा जिंकेल त्याची सगळी चौसष्ट. एकाचे दोन विजय झाले आहेत, दुसऱ्याचा एक, आणि काही कारणाने खेळ थांबला. नाणी कशी वाटायची? पास्कालचा युक्तिवाद असा : पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर चौसष्ट त्याची, हरला तर बरोबरी होऊन बत्तीस. म्हणजे बत्तीस काहीही झाले तरी त्याचीच. उरलेल्या बत्तिसांची शक्यता निम्मी, म्हणून सोळा. एकूण अठ्ठेचाळीस त्याला, सोळा दुसऱ्याला. यात मागे काय झाले याला महत्त्व नाही. पुढे काय काय होऊ शकते आणि त्या प्रत्येकाचे वजन किती, एवढेच पाहायचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे विलक्षण वाटते. आमच्याकडे जे घडले त्याचीच गोष्ट होते. इथे जे घडलेच नाही त्याचाही हिशेब धरतात आणि त्याचा वाटा काढून देतात.

मात्र वजन कोणी ठरवायचे? इथे गणित हात टेकते, आणि टेकलेलेच बरे. आम्ही दोघांनी मृत्यूला सर्वांत जड पारडे दिले होते. आईला विचारले तेव्हा कळले की तिचे पारडे वेगळे आहे. मरणाची तिला फारशी धास्ती नव्हती. ‘‘वाचा जाऊन पडून राहिले आणि तुम्ही माझी कुशी बदलत राहिलात तर?’’ हा तिचा प्रश्न. शस्त्रक्रियेच्या शंभरात पाचांपैकी किती जणी जातात आणि किती जणी अशा पडून राहतात, हे विचारायला आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही प्रकार त्यात होते. आमच्या लेखी जो निम्मा धोका होता, तो तिच्या लेखी दुप्पट होता.

याच सुमारास सिंधुदुर्गातून मामा आले. त्यांना टिंबांचा कागद दाखवला. त्यांनी तो आदराने पाहिला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, ‘‘आक्का, आपण देवाला कौल लावू या.’’ कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर ग्रामदेवतेच्या मूर्तीला ओली पाकळी किंवा तांदळाचे दाणे लावतात, गुरव गाऱ्हाणे घालतो आणि उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. लग्न ठरवावे की नाही, विहीर कुठे खणावी, घर बांधावे की थांबावे, हे पिढ्यान्‌पिढ्या असेच ठरत आले. आम्ही दोघे शिकलेली माणसे मनात किंचित हसलो, आणि आई काय म्हणते ते पाहू लागलो.

आई देवभोळी होती. तरीही ती नाही म्हणाली. आणि तिने दिलेले कारण आम्हांला कुठल्याही पुस्तकात मिळाले नसते. ‘‘देवान सांगल्यान तर ऐकूकच व्हया. डॉक्टर सांगता ता ऐकूकच व्हया असा नाय.’’ कौल माणसाला बांधून टाकतो. पाकळी पडली की विचार संपतो आणि जबाबदारीही देवाच्या पायाशी जाते. त्यातला दिलासा खरा आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शंभरात एक, शंभरात पाच हे मात्र कौल नव्हेत. आकडा कुठल्याच अंगाला पडत नाही. तो तुमच्यासमोर तसाच उभा राहतो आणि निवड तुमच्याकडेच ठेवतो. आईला निवड आपल्याकडे हवी होती. एरवी मराठी वृत्तपत्रे निवडणुकीनंतर ‘मतदारांचा कौल’ असे सर्रास छापतात आणि आम्हीही तसे बोलतो. ‘कौल’ या शब्दात शरण जाणे किती आहे, हे त्या दिवशी प्रथम उमगले.

तिने शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले. ठरवताना तिने शेतीची भाषा वापरली. कोकणात पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरतात, त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर रोप लवकर हाताशी येते. लांबला तर बी वाया. ‘‘पाऊस येणार हे कोणी लिहून देत नाही. तरी पेरतोच. पण सगळं बियाणं एकाच दिवशी टाकत नाही.’’ तिने सगळे बियाणे एकाच दिवशी टाकले नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकवली नाही. चाळीस वर्षांची मिश्रीची सवय डॉक्टरांनी सांगितल्यावर पंधरा दिवसांत सोडली. त्या पंधरा दिवसांत घरातले कोणीही तिच्याशी वाद घालायला धजले नाही. दर वर्षी तपासणी करून फुगा वाढला आहे का, हे पाहायचे ठरले. शंभरात एक हा आकडा कपाळावर लिहिलेला नव्हता. तो थोडाफार हलवता येत होता, आणि ती तो रोज हलवत होती.

चार वर्षे गेली. त्यांत चार गणपती गावच्या घरी झाले. नातीची दहावी झाली. आईने माहेरच्या ओव्या आठवून आठवून एका वहीत उतरवल्या; आमच्या विद्यार्थ्यांनी त्या वहीवर प्रकल्प केला तेव्हा तिने त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. तीन तपासण्यांत फुगा होता तेवढाच होता. २०१८च्या नोव्हेंबरात एका पहाटे तिचे डोके भयंकर दुखू लागले. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी गेली.

भावाचे वाक्य इथे येते. ‘टक्के मोजत बसलात आणि आई गेली.’ या वाक्यातला ‘आणि’ फार अवघड आहे. व्याकरणात ते साधे उभयान्वयी अव्यय आहे, दोन वाक्ये नुसती शेजारी ठेवणारे. पण वाचणारा त्यात ‘म्हणून’ ऐकतो. आम्हीही तेच ऐकले. कथानक म्हणतात ते यालाच, असे आम्ही वर्गात सांगतोच. नुसत्या क्रमाला कार्यकारणभाव मिळाला की गोष्ट तयार होते. चेकॉव्हचे म्हणून सांगितले जाणारे तत्त्वही आम्ही सांगतो, की पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर पुढे ती उडाली पाहिजे. आमच्या घराच्या भिंतीवर चार वर्षे ती बंदूक टांगलेली होती. ती उडाली. गोष्ट पुरी झाली. आता मागे वळून पाहिले की प्रत्येक गोष्ट त्या पहाटेकडेच चालली होती असे दिसते. शोकांतिका शिकवून शिकवून आमच्या डोळ्यांना ही सवय जडली आहे. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने आरंभ वाचायचा आणि नायकाला म्हणायचे, ‘तुला हे दिसले कसे नाही?’

टिंबांचा कागद आम्ही टाकला नव्हता. तेराव्यानंतर काही महिन्यांनी तो पुन्हा काढला आणि चौथ्या वर्षापर्यंतच्या फुल्या मारल्या. चार. शहाण्णव टिंबे कोरी. त्या शहाण्णव जणी आमच्याच आईसारखा निर्णय घेऊन पाचव्या वर्षाच्या उंबऱ्यावर उभ्या आहेत, ओव्या लिहीत आहेत, नातवंडांच्या चुका काढत आहेत. त्यांच्या भिंतीवरही बंदूक आहे. ती उडालेली नाही. त्यांच्यावर कोणी गोष्ट लिहीत नाही, कारण काही न घडण्याची गोष्ट होत नाही. आणि दुसऱ्या कागदावर, शस्त्रक्रियेच्या कागदावर, पहिल्याच दिवशी पाच फुल्या आहेत. त्या पाच घरांतला एखादा भाऊ तेराव्याच्या रात्री म्हणत असेल, ‘काही त्रास नव्हता, उगाच शस्त्रक्रियेला नेली आणि आई गेली.’ वाक्य तेच, ‘आणि’ तोच, निर्णय मात्र उलटा. दोन विरुद्ध निर्णयांवर एकच आरोप ठेवता येत असेल, तर तो आरोप मुळात निर्णयावरचा नसतो. तो आपल्या दुःखाचा आवाज असतो.

निर्णय चांगला की वाईट हे त्याच्या फळावरून ठरवू नये, हे आम्ही या प्रकरणातून शिकलो. निर्णयाच्या क्षणी काय ठाऊक होते, काय विचारता आले असते, काय विचारायचे राहिले आणि ज्याचे आयुष्य होते त्याची इच्छा मोजली गेली का, यावरून तो जोखावा. चांगल्या निर्णयाचे फळ वाईट येऊ शकते. वाईट निर्णय नशिबाने तरून जातो आणि शहाणपण म्हणून मिरवतो. दारू पिऊन गाडी चालवत घरी सुखरूप पोचलेल्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग नीट विचार करून पाऊल टाकलेल्याचा पाय घसरला तर त्याला मूर्ख का म्हणावे?

मात्र हे म्हणताना एक सावधगिरी हवी, आणि ती स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाच्या निबंधाने दिली. १९८२ साली त्यांना पोटातल्या एका दुर्मिळ कर्करोगाचे निदान झाले. अशा रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यांक आठ महिने, असे त्यांनी वाचले. मध्यांक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्यापुढे जगतात, आणि त्यांतले काही पुष्कळ पुढे. आपण त्या लांब शेपटीत असू शकतो, असा विचार त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला. ते आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगाने गेले. हा निबंध वाचून आम्हांला धीर आला आणि लगेच एक बोच लागली. गूल्ड जगले म्हणून निबंध लिहिला गेला. तेच निदान झालेल्या ज्यांना आठ महिनेही मिळाले नाहीत, त्यांचा निबंध आपल्यापुढे नाही. साहित्यात जसे शेवट गाठलेलेच पात्र बोलते, तसे आशेच्या पुस्तकांत बहुधा वाचलेलाच माणूस बोलतो. आम्ही हा लेख लिहिण्याचे हेही एक कारण. आमची आई आखूड बाजूची होती. तिच्या बाजूनेही कोणी सांगावे की विचार बरोबर होता.

रघुनाथ पंडितांचे दमयंतीस्वयंवर आम्ही दोघांनी अनेक वर्षे शिकवले. नावाप्रमाणे ते स्वयंवराचे आख्यान. नळाच्या कथेचा आम्हांला पुढे लागलेला भाग महाभारताच्या वनपर्वात आहे. सर्वस्व द्यूतात गमावलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याचे झाड दिसते आणि ऋतुपर्ण धावत्या रथातून त्याची पाने आणि फळे किती, ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून मोजतो, आणि हिशेब बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो; बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरत. ते ज्ञान होताच नळाच्या शरीरात दडून बसलेला कली बाहेर पडतो.

आम्हांला या कथेतले दोन तपशील नव्याने दिसले. एक, अक्षहृदय नळाला राज्य हरण्यापूर्वी मिळत नाही, हरल्यावर मिळते. आणि बृहदश्व ऋषी ही कथा ज्याला सांगतात तो युधिष्ठिरही सारे हरून वनात बसलेला आहे. त्यालाही ती विद्या त्यानंतरच मिळते. दुसरा तपशील असा, की विद्या मिळताच राज्य परत येत नाही. त्याला पुढे अवकाश आहे. त्या क्षणी फक्त कली निघून जातो. संभाव्यतेच्या गणिताने आमची आई वाचवली नाही. ते तसे वचन देतही नव्हते. आमच्या घरात त्या रात्रीपासून शिरून बसलेला कली मात्र त्याने बाहेर काढला.

भावाला हे सगळे एका बैठकीत सांगता आले नाही आणि सांगायचेही नव्हते. तो वाद घालत नव्हता, म्हणून त्याला हरवण्याचा प्रश्न नव्हता. वर्षश्राद्धाला आला तेव्हा त्याने तो कागद मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘‘यातली आई कुठली?’’ आम्ही म्हणालो, तेच तर आधी कुणाला सांगता येत नव्हते.

मध्यंतरी त्याचा पुन्हा फोन आला. रक्तवाहिनीच्या अशा फुग्यात काही अंशी घराणेही असते, हे त्याने वाचले होते. आपण भावांनी तपासून घ्यावे का? त्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की जवळच्या दोन किंवा अधिक नातेवाइकांना असेल तर तपासणीचा विचार करतात; एकालाच असेल तर सरसकट आग्रह धरत नाहीत. कारण तपासणीत एखादा लहानसा फुगा सापडला, तर आईपुढे जो कागद आला होता तोच आपल्यापुढे येतो, आणि तो मग परत करता येत नाही. ‘‘वहिनी, मी कुठल्या शंभरांत?’’ तो विचारत होता. ‘‘सगळ्या माणसांच्या, की आईच्या मुलांच्या, की रक्तदाब असलेल्यांच्या?’’

संख्याशास्त्रातले आमचे सहकारी आता निवृत्त झाले आहेत. हा प्रश्न घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, हाच खरा प्रश्न, आणि याचे उत्तर कागद देत नाही. आपल्याला ठरवावे लागते. येत्या सुट्टीत भाऊ येणार आहे. आम्ही एक कोरा कागद काढून ठेवला आहे.